सोलापुरात घराची ओसी कशी काढायची

घर बांधून झालं, रंग झाला, वास्तुशांतीची तारीख पण धरली आणि मग कोणीतरी विचारतं, ओसी घेतली का? ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, महापालिका अधिनियमाच्या कलम 263 खाली मिळणारी राहायची परवानगी, आणि नियमाने ती घेऊनच राहायला जायचं असतं. मिळकत कर भरतो म्हणजे घर रेग्युलर झालं असं आपल्याकडं बरेच जण धरून चालतात, तसं अजिबात नाहीये.

अर्जाच्या आधी मंजूर नकाशा आणि टेप घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. साइड मार्जिन (घराच्या बाजूला सोडायची मोकळी जागा), जिना, गॅलरी, पार्किंग सगळं मोजा. आम्ही जुळे सोलापुरात बांधलं तेव्हा मेस्त्रीनं मागचा जिना दीड फूट बाहेर काढला, आम्हाला वाटलं बरं झालं आत जागा वाढली, पण मागचं मार्जिन कमी पडलं आणि शेवटी तो जिना फोडून परत बांधावा लागला, खर्च दुप्पट आणि मनस्ताप वेगळाच. नियमात बसणारा बदल असेल तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, पण ओसीच्या अर्जाआधी. आणि ज्यांचं काम अजून जोत्यापर्यंतच (प्लिंथपर्यंतच) आलंय त्यांनी जोते तपासणी अजिबात सोडू नका, चूक तिथं सापडली तर स्वस्तात सुटते.

मग काम पूर्ण झाल्याचा दाखला तुमचा आर्किटेक्ट किंवा लायसन्स इंजिनिअर देतो, अर्ज पण त्याच्यामार्फतच जातो. सोबत बांधकाम परवाना, जोते तपासणीचा दाखला, प्रत्यक्ष बांधलेल्याचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, कराची पावती हे तयार ठेवा. लिफ्ट असेल तर विद्युत निरीक्षकाचा परवाना, प्लॉट 500 चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाचं पाणी जिरवायची सोय. एक गोंधळ नेहमी होतो बघा, काम सुरू करायच्या परवान्याला पण सीसी म्हणतात आणि पूर्णत्वाच्या दाखल्याला पण सीसीच, म्हणून कागदावरचं पूर्ण नाव वाचा.

साइट व्हिजिटला स्वतः हजर राहा, गच्चीची किल्ली जवळ ठेवा, राडारोडा आधीच उचलून टाका. एखादाच मजला झाला असेल तर तेवढ्यापुरती पार्ट ओसी मागता येते.

फ्लॅट घेणाऱ्यांचं वेगळं आहे, तिथं ओसी आणायची जबाबदारी बिल्डरची, रेरा म्हणजे 2016 च्या रिअल इस्टेट कायद्याचं कलम 11 तेच सांगतं. ताबा पत्र हातात दिलं म्हणजे ओसी मिळाली असं नाही, महापालिकेच्या सही-शिक्क्याची कॉपी मागा आणि त्यावर तुमची विंग, तुमचा मजला आहे का ते बघूनच शेवटचा हप्ता द्या.