तारीख हलवायची नाही: ओपन सोर्स प्रकल्पाचं मासिक रिलीज कसं आखावं

रिलीजचं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढण्याचं, सगळं नियोजन एका नियमावर उभं आहे: तारीख पक्की, फीचर नाही. ठरल्या दिवसापर्यंत जे पूर्ण झालं ते जाईल, उरलेलं पुढच्या महिन्यात. एका फीचरसाठी एकदा जरी तारीख पुढे ढकलली, तरी पुढच्या वेळी प्रत्येक जण ‘दोनच दिवस द्या’ म्हणत येतो.

तारखेपेक्षा वार धरा. गिटलॅब या कोड सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज अनेक वर्षं दर महिन्याच्या 22 तारखेला येत असे. नोव्हेंबर 2023पासून ते महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येऊ लागलं. घरातली उपकरणं चालवणाऱ्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरचा महिन्याचा पहिला बुधवार ठरलेला. मंगळवार किंवा बुधवार सोयीचा, कारण पहिल्या तक्रारी येतात तेव्हा माणसं जागेवर असतात. शुक्रवार टाळाच.

आता कॅलेंडर मागून भरत या. रिलीजच्या 7 दिवस आधी मेन ब्रँचमधून (कोडच्या मुख्य शाखेतून) रिलीज ब्रँच, म्हणजे या आवृत्तीपुरती वेगळी शाखा काढा आणि त्याच दिवशी पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, लोकांच्या हाती द्या. इथून स्क्रीनवरचा मजकूर बदलायचा नाही, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना आठवडा मिळतो. शेवटच्या 48 तासांत फक्त डेटा बिघडवणाऱ्या, इन्स्टॉल अडवणाऱ्या किंवा सुरक्षेच्या बगच्या दुरुस्त्या घ्या.

सर्वांत जास्त घोळ होतो तो या आठवड्यात. घाईत कोणी तरी बग थेट रिलीज ब्रँचवर दुरुस्त करतं, मेनमध्ये टाकायचं राहून जातं आणि तोच बग पुढच्या महिन्यात परत येतो. म्हणून दुरुस्ती आधी मेनमध्ये मर्ज करा (मिसळा), मग चेरी-पिक करा, म्हणजे तेवढाच बदल उचलून रिलीज ब्रँचवर आणा. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात चेरी-पिकच्या कमांडला ‘-x’ हा पर्याय जोडला की मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक नव्या कमिटच्या संदेशात नोंदला जातो; काय आलं, काय राहिलं हे नंतर शोधता येतं.

बदलांची यादी शेवटच्या रात्री लिहायला बसू नका. प्रत्येक पुल रिक्वेस्टसोबत (बदल कोडमध्ये घेण्याच्या विनंतीसोबत) तो बदल सांगणारी दोन ओळींची वेगळी फाइल मागा. सगळे एकाच चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीच्या फाइलमध्ये) लिहू लागले, की रोज मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी झालेल्या दोन बदलांची टक्कर, सोडवत बसावं लागतं.

रिलीज मॅनेजर दर महिन्याला बदला, पण पॅकेज प्रकाशित करण्याचे अधिकार कायम किमान दोघांकडे ठेवा. एकच माणूस आणि तोच आजारी, मग तारीख गेलीच.

रिलीजच्या दिवशी टॅगवर (कोडमध्ये त्या आवृत्तीला दिलेल्या नावाच्या खुणेवर) डिजिटल सही करा, बिल्ड सीआयवरच (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेवरच) करा, फाइल बदललेली नाही हे तपासण्यासाठी एसएचए-256 चेकसम द्या. जाहीर करण्याआधी दोन चाचण्या हाताने कराच: कोऱ्या मशीनवर नवं इन्स्टॉल, आणि मागच्या आवृत्तीच्या भरलेल्या डेटाबेसवर अपग्रेड. दुसरी चाचणी बहुतेक जण गाळतात, आणि वापरणाऱ्यांचं खरं नुकसान तिथेच होतं.

चूक नंतर सापडली, तर टॅग हलवू नका. ज्यांनी तो आधीच घेतलाय, त्यांच्याकडे गिट जुनाच ठेवतं. एकाच नावाचे दोन कोड फिरू लागतात. पायपीआय या पायथन पॅकेजेसच्या संग्रहावर तर त्याच नावाची फाइल पुन्हा चढवताच येत नाही, आधीची काढून टाकली तरी. 2.7.0 बिघडलं असेल तर 2.7.1 काढा, त्यात फक्त ती दुरुस्ती ठेवा, आणि 2.7.0च्या नोंदीत सर्वांत वर ‘हे वापरू नका’ असं कारणासह लिहा.