शुक्रवारी रात्री पळत सुटण्याआधी : युरोपातल्या वीकेंड भटकंतीत या चुका टाळा

जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये माझं हे पाचवं वर्ष. मास्टर्स इथंच केलं, नोकरीही इथंच लागली. दर ऑक्टोबरात पुण्या-नाशकाकडची, सांगली-कोल्हापूरकडची नवी मुलं येतात आणि दिवाळी सरली की फोन सुरू होतात. "ताई, शुक्रवारी रात्री निघतोय. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, आणि सोमवारी सकाळी लेक्चरला परत."

हौस मला कळते. सांगलीतून आलेल्या मुलीला सव्वादोन तासांत रेल्वेनं दुसऱ्या देशात उतरता येतं, याचं अप्रूप मला अजूनही आहे. म्हणून तर जीव तुटतो. तेच तेच घोटाळे दरवर्षी होतात, आणि त्यातले बहुतेक निघायच्या आदल्या रात्री खोलीतच झालेले असतात.

पासपोर्ट खोलीत ठेवून निघणं

"अगं, शेंगेनमध्ये बॉर्डर नसतेच." हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कायमची तपासणी नाही हे खरं आहे, पण कुठल्याही देशाला तात्पुरती तपासणी लावता येते. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर ती लावली. चेक आणि पोलंडच्या बाजूला तर ती ऑक्टोबर २०२३ पासूनच होती. प्रागहून येणारी रेल्वे सीमेजवळच्या बाड शांडाऊ स्टेशनला थांबली की पोलीस डब्यात चढतात, बस असेल तर महामार्गावर बाजूला घेतात.

माझ्या तिसऱ्या सेमिस्टरला, नोव्हेंबरात, आम्ही चौघं बुडापेस्टला गेलो होतो. रविवारी रात्रीच्या बसनं परत निघालो. बस पहाटे साडेपाचला ड्रेस्डेनला पोचणार होती आणि साडेसातला माझं लॅबचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. आमच्यात एक मुलगा नवा होता, जर्मनीत येऊन त्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते.

पाचच्या सुमारास चेक सीमा ओलांडल्यावर बस बाजूला घेतली. दिवे लागले, दोन पोलीस चढले. सगळ्यांनी पासपोर्ट काढले. त्यानं युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र काढलं, मग पत्ता नोंदवल्याचा अन्मेल्डुंगचा कागद, मग फोनमधला पासपोर्टचा फोटो. पोलिसानं शांतपणे विचारलं, "आणि व्हिसा?" व्हिसाचा स्टिकर पासपोर्टात, आणि पासपोर्ट ड्रेस्डेनच्या खोलीत. हरवू नये म्हणून त्यानं तो मुद्दाम घरी ठेवला होता.

त्याला बॅगेसकट खाली उतरवलं. पोलीस अजिबात उद्धट नव्हते, त्यांचं ते कामच. पण त्या पोराचा चेहरा पांढरा पडला होता, जर्मन त्याला येत नव्हतं, आणि बस काही थांबणार नव्हती. मी त्याच्याबरोबर उतरले. ड्रेस्डेनपासून चाळीसेक किलोमीटरवर, कडाक्याच्या थंडीत, आम्ही पोलिसांच्या कंटेनरमधल्या बाकावर बसलो. ओळखीच्या एका पीएचडी करणाऱ्या दादाला फोन करून उठवलं. त्यांनी हॉस्टेलवर जाऊन रूममेटकडून खोली उघडून घेतली, सुटकेसमध्ये आईनं दिलेल्या बेसनाच्या लाडवांच्या डब्याखालून पासपोर्ट काढला आणि गाडी घेऊन आले. तेव्हा सात वाजून गेले होते.

त्याचं निभावलं. मी सव्वाआठला लॅबच्या दारात पोचले. पहिल्या दिवशीची सुरक्षेची सूचना होऊन गेली होती आणि ती ऐकल्याची सही नसेल तर वर्षभर लॅबमध्ये प्रवेश नाही. ते प्रॅक्टिकल फक्त हिवाळी सेमिस्टरला व्हायचं. माझी डिग्री त्या एका सकाळीमुळे लांबली. उतरल्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण आदल्या गुरुवारी "सगळ्यांनी पासपोर्ट घेतलेत ना?" एवढं विचारायला हवं होतं, हे मी विसरलेले नाही.

तर नियम सरळ आहे. पहिले काही महिने व्हिसा पासपोर्टातच असतो, त्यामुळे पासपोर्ट हवाच. नंतर रहिवासाचं कार्ड मिळालं तरी कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही लागतात. फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही. माझी सवय म्हणजे गुरुवारी रात्री दोन्ही एका छोट्या कापडी पाकिटात घालते आणि पाकीट दाराच्या कडीला अडकवते. ते हातात घेतल्याशिवाय दार उघडता येत नाही.

याच्याच पोटातली आणखी एक चूक. व्हिसा संपत आलेला असतो, आउसलेंडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, अपॉइंटमेंट दोन महिन्यांनी असते आणि तोवर हातात फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद पडतो. तो घेऊन देशाबाहेर फिरता येतं का, हे त्यावर कुठल्या चौकटीत खूण केली आहे त्यावर अवलंबून असतं. "माझा मित्र जाऊन आला" हे उत्तर नव्हे. कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. मी स्वतः कार्ड हातात येईपर्यंत जर्मनीतच फिरले. लाइपझिग, गोर्लिट्झ, सॅक्सन स्वित्झर्लंडचे डोंगर (नाव तसं असलं तरी ते जर्मनीतच आहेत)... काही कमी पडलं नाही.

युरोप म्हणजे सगळं एकच, असं धरून चालणं

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युनियनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हीत नाही. डब्लिनचं स्वस्त तिकीट काढून मग व्हिसाची चौकशी करणारी तीन मुलं मी पाहिली आहेत. तिघांचेही पैसे गेले. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बल्गेरिया आणि रोमेनियाचे जमिनीवरचे रस्ते १ जानेवारी २०२५ पासून खुले झाले. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या सिनिअरचा सल्लाही तपासून घ्यावा, माझासुद्धा.

जर्मनीच्या कार्डावर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. नुसत्या शनिवार-रविवारी ते संपत नाहीत. पण सुट्टीत महिनाभर दुसऱ्या देशात इंटर्नशिपला जायचं असेल तर हिशेब ठेवा, आणि कामाच्या परवानगीची चौकशी वेगळी करा.

मोबाइलचंही तसंच. जून २०१७ पासून युनियनमध्ये रोमिंगचा वेगळा आकार नाही, स्वित्झर्लंड मात्र त्यात येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला उतरण्याआधी आपला प्लॅन वाचा, नाहीतर डेटा बंद करा.

विमानाचं भाडं बघणं आणि विमानतळ न बघणं

वीस युरोत पॅरिस! असं कुणी म्हटलं की मी विमानतळाचं नाव विचारते. बोवे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्टच्या नावानं कित्येक वर्षं तिकिटं विकलेला हान विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. ब्रसेल्सचं शार्लरुआ सुमारे ६० किलोमीटर. दोन्ही बाजूंचं बसभाडं धरा, मग शनिवारचे गेलेले तास धरा. महिन्याला ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) ९९२ युरो हातात येणाऱ्या मुलानं हा हिशेब तिकीट काढण्याआधी मांडायला नको का? शिवाय आपला पासपोर्ट भारतीय, त्यामुळे बॅग टाकायची नसली तरी काही विमान कंपन्यांच्या काउंटरवर कागद दाखवून यावं लागतं. ती रांग धरून वेळ ठेवा. पहाटेचं विमान पकडायला विमानतळावरच झोपायचा बेत असेल तर तो विमानतळ रात्री उघडा असतो का ते आधी बघा. बोवे रात्री बंद होतो.

मी विमान तेव्हाच घेते जेव्हा रेल्वेनं सात तासांपेक्षा जास्त लागतात.

तीन दिवसांत चार देश

यावर माझं ठाम मत आहे आणि ते नव्या मुलांना आवडत नाही. रील्समध्ये "७२ तासांत ४ देश" दिसतं, पण त्यात बसमध्ये काढलेल्या रात्री दिसत नाहीत. व्हिएन्नाच्या स्टेशनसमोर फोटो काढून पुढच्या बसला पळालेल्या मुलाला व्हिएन्नाबद्दल विचारलं, तर तो मला बस स्टँडच्या टॉयलेटचे दर सांगत होता. वीकेंड म्हणजे फार तर चाळीस जागे तास. त्यात एक शहर बसतं, दोन कोंबता येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी प्रागच सुचवते, तेही दिवसाच्या रेल्वेनं. ड्रेस्डेनहून जाताना डाव्या खिडकीशी बसा. एल्ब नदी त्या बाजूला आहे आणि पिर्ना गेलं की पलीकडच्या काठावर वाळूच्या दगडाचे उभे सुळके सुरू होतात. सकाळी आठ-नऊला, धुकं नदीवरून उठत असताना, डब्यातली बोलकी मुलंही गप्प होतात. बसनं रात्री गेलात तर यातलं काहीच दिसणार नाही.

रविवारची शेवटची गाडी धरणं

परतीला शेवटची गाडी कधीच घेऊ नये. शेवटच्या गाडीला उशीर झाला की पुढे काहीच उरत नाही. निदान दोन गाड्या मागे असतील अशी वेळ धरा. आमच्या युनिव्हर्सिटीत पहिला तास साडेसातला सुरू होतो, हेही लक्षात असू द्या. बुडापेस्टच्या त्या रात्रीनंतर मी रविवारी संध्याकाळी सातच्या आत घरी असते. सोबतचे मित्र नाराज होतात, त्यांना मागे राहू देते.

उशीर झालाच तर हक्क माहीत हवा. रेल्वे तासभर उशिरा पोचली तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास उशिरा पोचली तर ५० टक्के परत मागता येतात. तिकीट आणि उशिराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

थोडक्यात उरलेलं

प्रागला एटीएम किंवा कार्डमशीन "युरोमध्ये घ्यायचे का?" विचारतं. नाही म्हणा, चेक चलन कोरुनाच निवडा. रोख बदलताना फसगत झाली तर पावती टाकू नका. चेक कायद्यानं १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो.

कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. प्रागच्या मेट्रोत पिवळ्या यंत्रात, इटलीच्या लोकल रेल्वेआधी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यावं लागतं. तपासनीसाला "मला माहीत नव्हतं" सांगून दंड चुकत नाही.

डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल वाहतुकीचा महिन्याचा पास, आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. प्रागची गाडी बहुधा ईसी असते. दर हिवाळ्यात कुणीतरी त्यावर चढतंच.

अ‍ॅमस्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर बघायचं तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, दर मंगळवारी पुढल्या सहा आठवड्यांनंतरचं. दारात जाऊन विनवण्या करू नका. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. वय २६ च्या आत असेल आणि युरोपात राहत असल्याचं कार्ड जवळ असेल तर लूव्रला तिकीट पडत नाही. म्हणजे पुन्हा तेच कार्ड, तेच पाकीट.

सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्डाच्या मागच्या निळ्या बाजूवर युरोपचं विमा कार्ड असतं. ते घरी ठेवू नका. खासगी विमा असेल तर दुसऱ्या देशात काय मिळतं ते वाचून निघा.

आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. दमून परत आल्यावर फ्रिज रिकामा असतो, मग स्टेशनवरच्या एकुलत्या एका उघड्या सुपरमार्केटात दुप्पट पैसे देऊन ब्रेड घ्यावा लागतो. मी शुक्रवारी निघतानाच एका डब्यात तांदूळ, मूगडाळ, हळद, हिंग आणि मीठ मोजून भरून कुकरशेजारी ठेवते. रविवारी आल्यावर बूट काढायच्या आधी कुकर लावते. अंघोळ होईपर्यंत तीन शिट्ट्या झालेल्या असतात.