ग्रंथालयात देणगीची पुस्तकं दाखल करताना
पुस्तकं स्वीकारण्याआधीच देणगीपत्रावर दात्याची सही घ्या. नको असलेल्या प्रती परत करायच्या की दुसरीकडे द्यायच्या, हे त्यात स्पष्ट हवं; पुढचे बहुतेक वाद इथेच मिटतात.

खोका थेट कपाटाकडे नेऊ नका. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याची आतली बाजू आणि शिवण तपासा. कसर किंवा बुरशी दिसली तर पुस्तक वेगळं ठेवा, नाहीतर शेजारची रांगही खराब होते. मग तेच पुस्तक आधी आहे का, हे आयएसबीएनवरून (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) संग्रहात शोधा. १९७० पूर्वीच्या पुस्तकांवर तो बहुधा नसतो. तिथे लेखक, शीर्षक, आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष जुळवा.

ठेवायचं ठरलं तरच दाखल क्रमांक (संग्रहातल्या प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र क्रमांक) द्या. दाखल नोंदवहीत विक्रेत्याच्या रकान्यात ‘देणगी’ व दात्याचं नाव, बिल क्रमांकाच्या जागी देणगीपत्राचा क्रमांक लिहा. किंमत शून्य लिहू नका, छापील किंमत नोंदवा. नाहीतर पुस्तक हरवल्यावर भरपाई ठरवायला आधारच उरत नाही.