बाबांसोबत प्रगटदिनाच्या पंगतीत वाढायला जाताना

माघ वद्य सप्तमी म्हणजे गजानन महाराजांचा प्रगटदिन. फेब्रुवारीत नाहीतर मार्चच्या सुरुवातीला येतो. आमच्या अमरावतीकडे त्या दिवशी मंदिरा-मंदिरात महाप्रसाद असतो: झुणका, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा, वर वरण-भात आणि काहीतरी गोड. मी बाबांना घेऊन वाढायला जाते. ते एसटीत कंडक्टर होते, आता सत्तरी ओलांडली आहे. तुम्हालाही आईला किंवा बाबांना सोबत न्यायचं असेल, तर काही गोष्टी आधीच ठरवून घ्या.

पहिली गोष्ट, चार-पाच दिवस आधी मंडळातल्या माणसांना जाऊन भेटा आणि कामाचं नाव घेऊन काम मागा. "आम्ही मदतीला येतो" एवढंच सांगितलं तर ऐन वेळी पोरं म्हणतात, "काका, तुम्ही बसा." प्रेमानेच म्हणतात, पण सेवा करायला आलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून ठेवलं की त्याचा जीव कष्टी होतो. म्हणून स्पष्ट सांगा: "दुसऱ्या रांगेचा झुणका आम्ही दोघं वाढतो." कोठी, पाणी, वाढप, पत्रावळी उचलणं यांची वाटणी झालेली असते. तुमचं नाव त्यात आधीच असलं पाहिजे. भट्टीजवळचं काम मागू नका. तिथे आचारी आणि त्याची माणसं पुरेशी असतात, आणि उकळत्या काहिलीपाशी वयस्क माणसाला उभं करणं बरं नाही.

काम निवडताना माझा एक नियम आहे: वजन माझं, हात बाबांचा. दहा लिटरची बादली वरणाने काठोकाठ भरली की दहा किलोच्या वर जाते. ती मी धरते, तीही अर्धीच भरून घेते. पळी बाबांच्या हातात असते. कुणाला किती वाढायचं, कुठे थांबायचं, कुणाला पुन्हा विचारायचं, हे त्यांना जन्मभराच्या लग्नाकार्यांतून कळतं. मला अजून तेवढं कळत नाही. पण पंगत जमिनीवर बसणार असेल तर प्रत्येक पानाशी वाकावं लागतं. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर खाली वाढण्याचा हट्ट नको. आता बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या माणसांसाठी टेबलांची एक रांग लावतात. ती रांग मागून घ्या. उभ्या-उभ्या वाढता येतं, आणि तिथे जेवायला बसलेली मंडळी बाबांच्याच वयाची असतात, त्यामुळे बोलणंही होतं.

वाकणं आणि उभं राहणं दोन्ही जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी जा. अंबाडी निवडायची असते, लसूण सोलायचा असतो, मिरच्यांचे देठ काढायचे असतात. पानं देठापासून सोडवून दोन-तीन पाण्यांतून धुवावी लागतात, नाहीतर भाजीत माती कचकचते. हे बसून करायचं काम आहे, फक्त घरून पाट किंवा छोटं स्टूल न्या. काही वस्त्यांत भाकरी घरोघरून गोळा करतात. आईच्या हातच्या भाकरी तिथे पोचवणं हीसुद्धा पूर्ण सेवाच आहे.

प्रगटदिनाच्या सकाळी बाबांना खाऊ घालूनच निघा. पुष्कळ जण नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालत नाहीत, आणि वाढपी जेवतात सगळ्यात शेवटी. दुपारचे तीन सहज वाजतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर इतकं थांबणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा आणि खिशात काहीतरी गोड असू द्या. कपडे सुती घाला, नखं कापा, अंगठ्या घरी काढून ठेवा, डोक्याला रुमाल बांधा. मांडवात अनवाणी चालायचं असतं आणि सांडलेल्या वरणावरून पाय सटकतो. मी कमरेला एक कोरडं फडकं खोचलेलं ठेवते. काही सांडलं की पंगत थांबली तरी चालेल, आधी पुसते.

आता वाढणं. मीठ पानाच्या वरच्या बाजूला मधोमध, त्याच्या डावीकडे ठेचा, कांदा आणि लिंबू, उजवीकडे झुणका आणि भाजी. डावं-उजवं जेवणाऱ्याचं धरायचं. आपण समोर उभे असतो म्हणून त्याचं डावं ते आपलं उजवं. भाकर आधी अर्धीच द्या. झुणका पळीच्या टोकाने पानावर ठेवा, वरून टाकू नका. बाबा पत्रावळीच्या अगदी जवळ पळी नेतात, मनगट हलकेच वळवतात आणि उगाच न पसरता गोळा बसवतात. मला म्हणतात, "आधी पान पाय, मंग माणसाले इचार." म्हणजे आधी पान पाहा, मग माणसाला विचार. ज्याचं पान रिकामं आहे तो संकोचाने मागत नाही, हे त्यांचं म्हणणं. गाडीत एकही तिकीट सुटू नये तशी त्यांची नजर रांगेतून फिरते. ओळखीच्याला दोनदा आणि कोपऱ्यात बसलेल्या मजुराला एकदाच, असला पंक्तिप्रपंच ते मुळीच खपवून घेत नाहीत. सगळी पानं वाढून झाली, "गण गण गणात बोते" झालं की मगच पहिला घास.

थोडं वाढायचं आणि पुन्हा पुन्हा फिरायचं, यावर मी इतका जोर देते त्याला कारण आहे. 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांना दिसले ते देविदास पातुरकरांच्या घरासमोर, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्याच दिवसाच्या महाप्रसादात पत्रावळीवर अर्धी भाकर टाकून दिलेली दिसली की मला फार लागतं. त्यात खाणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याची चूक जास्त असते. त्याने न विचारता दोन भाकरी ठेवलेल्या असतात.

दोन पंगती झाल्या की बाबांना सावलीत बसवून पाणी द्या. "दमलात का?" असं विचारू नका, उत्तर "नाही"च येतं. "मला पाणी प्यायचंय, चला" म्हणा. उरलेलं अन्न न्यायला डबे पुढे येतात. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना अवश्य द्या, पण सकाळी शिजलेला भात आणि वरण संध्याकाळपर्यंत मांडवात ठेवून मग वाटू नका. झुणका-भाकर टिकते, वरण-भात नाही. अंबाडी आंबट असते, ती बिनकल्हईच्या पितळी भांड्यात काढू देऊ नका, स्टीलचं भांडं मागा.

ऋषिपंचमीला पुण्यतिथीचा महाप्रसाद असतो. महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 ला, ऋषिपंचमीलाच, समाधी घेतली. भाद्रपदात पाऊस असतो, मांडवाखालची जमीन ओली आणि निसरडी होते. त्या दिवशी मी बाबांना रांगेत नेत नाही. कोठीवर बसवते. किती बादल्या बाहेर गेल्या, पुढच्या पंगतीला किती भात टाकायचा, हे वहीत लिहून आचाऱ्याला सांगायचं काम त्यांच्याकडे असतं, आणि कंडक्टरकीत वर्षानुवर्षं हिशोब लिहिलेला माणूस ते चोख करतो.