वीस मिनिटांनी एसी गरम: दोष क्लचच्या फटीत निघाला

गाडी सुरू केली की एसी गार, वीसेक मिनिटांनी नुसती गरम हवा. तासभर उभी ठेवली की पुन्हा गार. गॅस भरून झाला, रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलला. पैसे गेले, घाम तसाच.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावरच्या पुलीशी जोडतो तो त्याचा क्लच: कॉइलला वीज मिळाली की ती चुंबक बनते आणि क्लच प्लेट पुलीला चिकटवते. शेवटी बिघाड चालू असतानाच कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावला (पट्ट्यापासून हात लांब!). १३.८ व्होल्ट येत होते, अर्थिंगही ठीक, तरी क्लच ओढत नव्हता. म्हणजे वायरिंग निर्दोष. इंजिन बंद करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) क्लच प्लेट आणि पुलीमधली फट मोजली: ०.९ मिमी. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक दुबळा पडतो, एवढी फट त्याला ओढवत नाही. मधला बोल्ट काढून प्लेट उतरवली, शाफ्टवरची एक पातळ शिम (फट ठरवणारी चकती) काढली, बोल्ट परत कसला. फट ०.४ मिमी, मॅन्युअलमधल्या मर्यादेत. आता दुपारच्या ट्रॅफिकमध्येही गार.