थंडीत मैदानावर पोराचा दात पडला तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा हंगाम. पहाटे साडेसहाला माती दवानं ओली, बोटं गारठलेली, आणि पोरं खो-खोच्या खांबावर झेप घ्यायला उतावीळ. शाळांच्या स्पर्धा याच दिवसांत, गल्लीतलं क्रिकेटही याच दिवसांत. मी सतरा वर्षं पोरांना खो-खो शिकवतोय आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक दात थंडीतच पडलेत. मी दातांचा डॉक्टर नाही, पण डॉक्टरकडे पोचेपर्यंतचा वेळ माझ्या हातात असतो, आणि दात वाचतो की जातो ते पुष्कळदा त्या वेळातच ठरतं.

१. आधी पोराकडे बघा, मग दाताकडे

क्षणभर तरी शुद्ध हरपली होती का? उलटी झाली, गुंगी येतेय, तेच ते पुन्हा विचारतोय? यातलं एक जरी असेल तर दात दुधात टाका आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

हनुवटीवर आपटलेलं पोर हसत उठलं तरी त्याला तोंड पूर्ण उघडायला लावा. कानाच्या पुढं दुखतंय, जबडा एका बाजूला सरकतोय किंवा दात नेहमीसारखे एकमेकांवर बसत नाहीत, तर मार जबड्याच्या सांध्यापर्यंत गेलेला असू शकतो. खांबावर चुकलेल्या झेपेत हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा वरून फक्त खरचटलेलं दिसत होतं.

२. रक्त

लाळेत मिसळून ते आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. हळद, तुरटी, लवंगतेल, काही नको.

३. दात शोधा

दोन पोरं कामाला लावा. सापडला नाही तर ‘गिळला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कधी तो हिरडीतच आत घुसलेला असतो, कधी तुकडा फाटलेल्या ओठात रुतून बसतो. पोर सारखं खोकत असेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दात श्वासनलिकेत गेल्याची शंका धरायची आणि तडक हॉस्पिटल.

४. दुधाचा की कायमचा?

समोरचे कायमचे दात साधारण ६ ते ८ वर्षांच्या दरम्यान येतात, खालचे आधी, वरचे मागून. कायमचा दात मोठा आणि जरा पिवळसर असतो, नवा असेल तर कडेला करवतीसारखे दाते असतात. दुधाचा लहान, पांढराशुभ्र. मूळ बघून ओळखायला जाऊ नका, कारण धक्क्यानं पडलेल्या दुधाच्या दातालाही मूळ असू शकतं.

दुधाचा दात परत बसवायचा नाही. त्याच्याखाली कायमच्या दाताचा कोंब असतो, त्याला इजा होते. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी दाखवा. कुठला ते कळत नसेल तर दात दुधात ठेवा, डॉक्टर ठरवतील.

५. कायमचा दात जागेवर बसवणं

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगतो. दहा-अकरा वर्षांचा पोरगा, वरचा समोरचा दात मुळासकट मातीत. मी तो नळाखाली चोळचोळून लखलखीत केला, रुमालात गुंडाळला, खिशात घातला. मग घरी फोन, घरच्यांची वाट, रिक्षा. दीड तास गेला. डॉक्टरांनी दात बसवला, पण रुमाल उघडताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. पुढं त्या दाताचं मूळ विरघळत गेलं आणि पोरगा बारावीला जायच्या आत तो काढावा लागला.

मुळावर एक पातळ ओला पडदा असतो. दात हाडाला धरून ठेवणाऱ्या जिवंत पेशी त्यातच असतात. मातीबरोबर मी त्या पेशीही चोळून काढल्या, उरलेल्या रुमालात सुकल्या. कोरड्या राहिल्या तर तासाभरात बहुतेक मरतात. पहिल्या पंधरा मिनिटांत दात जागेवर गेला तर सगळ्यात चांगलं.

म्हणून दात धरायचा तो एरवी तोंडात दिसतो त्या भागाला. मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर गार दूध किंवा सलाइन वरून ओता, ते नसेल तर नळाच्या गार पाण्याची धार, दहाच सेकंद. ब्रश नाही, साबण नाही. मग दाताची किंचित फुगीर बाजू ओठाकडे ठेवून खळग्यात हलक्या दाबानं सरकवा. शेजारच्या दाताच्या रांगेत आला की रुमालाची घडी मध्ये घालून पोराला चावून धरायला सांगा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, बहुधा दात उलटा धरलाय. पोर शुद्धीवर नसेल किंवा काही ऐकतच नसेल तर हा प्रयत्न करू नका.

वाचायला सोपं आहे, करताना हात थरथरतात. पालक ओरडतात, “अहो सर, राहू द्या, डॉक्टर बघतील!” मी आता थांबत नाही.

नाहीच जमलं तर दूध. पहाटे मैदानाबाहेर दूधवाल्याचे क्रेट असतातच. अर्ध्या लिटरची पिशवी घ्या, कोपरा कापा, दात आत सोडा, पिशवी उभी धरा. टपरीवरचं उकळतं किंवा साखरेचं दूध चालत नाही. दूध येईपर्यंत पोराला डब्याच्या झाकणात थुंकायला लावा आणि दात त्या लाळेत ठेवा. ‘गालात धर म्हणावं’ असं सांगणारेही भेटतात. हुंदके देणाऱ्या पोराच्या तोंडात सुटा दात मी तरी ठेवणार नाही. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, पण कोरड्या रुमालापेक्षा पाणीही बरं. बर्फ गालाला बाहेरून लावा, दात त्यात ठेवू नका.

६. दवाखाना

निघतानाच फोन करून ‘पडलेला दात घेऊन येतोय’ असं सांगा. डॉक्टर तो साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना तारेनं बांधून ठेवतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. तार निघेपर्यंत खेळ बंद आणि जेवायला मऊ खिचडी.

७. दात पडला नाही, तरी त्याच दिवशी जायचं

दात हलतोय, सरकलाय किंवा हिरडीत आत गेलाय, तर थांबू नका. टवका उडाला आणि तुटल्या जागी गुलाबी-लाल ठिपका दिसला, तर आतली नस उघडी पडलीय. टवकाही दुधात घालून न्या, कधी तोच परत चिकटवता येतो. संक्रांतीच्या सुमाराला हे वाढतं, कारण पोरं ऊस दातानं सोलतात आणि मांजाही दातानंच तोडतात.

गार वाऱ्यानं दात शिवशिवला तर घाई नाही. पण गाल सुजून ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

आमच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर दोन दातांच्या डॉक्टरांचे नंबर चिकटवलेत. दोघांच्याही पाटीवर वेळ दहा ते एक अशी आहे. सकाळी सातला फोन उचलाल का, हे मी हंगामाआधी दारात जाऊन विचारून आलो होतो.