हेडलाइट पिवळी पडू नये म्हणून
हेडलाइटची काच म्हणतो ती खरं तर पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. तिच्यावरचा यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) थर उन्हाने गेला की पिवळेपणा सुरू. पुण्यात एप्रिल-मेमध्ये गाडी उघड्यावर लावायची वेळ आलीच, तर तोंड पश्चिमेला नको. दुपारनंतरचं ऊन तरी चुकेल. धुळीवर कोरडं फडकं मारू नका, ओरखडे त्यानेच पडतात. आधी पाण्याचा फवारा, मग कार शाम्पू. दर 2-3 महिन्यांनी यूव्ही सीलंट (अतिनील किरणांपासून जपणारा लेप) लावा.

पिवळी पडलीच असेल तर 1000, 2000, 3000 नंबरचे पॉलिश पेपर ओले करून, याच क्रमाने घासा, पॉलिश करा आणि वर यूव्ही क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) माराच. तो टाळला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. टूथपेस्टच्या नादी लागू नका. चमक चार दिवसांची, आणि उरलासुरला थरही खरवडला जातो.